रकाना सातवा

प्राचार्यांच्या छापील नमुन्यात सातवा रकाना आहे:
दौऱ्यामुळे संघास झालेला लाभ.
दोन ओळींची जागा.
जेवण झाल्यापासून पेन धरून बसलेय.

आधीचे सहा सरळ होते.
ठिकाण कोलंबो, दिवस दहा, मुली अकरा,
सामने पाच, जिंकलेला एक
(तोही तिथल्या शाळकरी पोरींशी, हे लिहू का?).
निम्मा खर्च अक्कलकोट रोडच्या टॉवेलवाल्या शेठनी उचलला,
म्हणून प्रत्येक बॅगेत वीस नॅपकिन, यजमानांना द्यायला.
विमानतळावर वजन जास्त भरलं
तेव्हा शिवलीला हत्तुरेनं नॅपकिन नाही, कडक भाकऱ्यांचा डबा बाहेर काढला
आणि आम्ही रांगेतच तो शेंगाचटणीबरोबर संपवला.

तिथली जमीन लाकडाची.
आमचा चेंडू सिमेंटवर वाढलेला,
भेगेवरून तिरपा उडतो, खडीला अडखळतो,
पोरींच्या हातांना त्याच्या खोडी पाठ.
तिथे तो टाकला की तस्साच परत यायचा,
आणि या त्याच्यावर विश्वासच ठेवेनात.
पहिला सामना एक्केचाळीस गुणांनी गेला.
रात्री कुणी जेवणार नाही म्हणाल्या,
मग सगळ्यांनी दोनदा भात घेतला.

तिसऱ्या दिवशी नागमणी येमुल ओरडली.
तीन वर्षांत तिचा आवाज मी हजेरीपुरता ऐकला होता.
बास्केटखाली जागा मोकळी दिसली आणि
"इटु रा! इटु!"
घरची भाषा, यंत्रमागांच्या खडखडाटावरून फेकायची,
कॉलेजात येताना जी ती चपलांसारखी बाहेर काढून ठेवायची.
शिवलीला घरी कन्नड बोलते, प्रणोती मराठी.
दोघी वळल्या. बरोबर वळल्या.
समोरच्यांना ओ की ठो कळलं नाही.
त्यानंतरचे सामने आम्ही तेलुगूत खेळलो,
हरलोही तेलुगूत, पण सात गुणांनी, पाच गुणांनी.

हे दोन ओळींत कसं मावायचं?
आणि मावलंच, तर अफसानाचं काय?

अफसाना नदाफचा पासपोर्ट आला नाही.
दाखल्यावर अफसाना, आधारवर अफ्साना;
अर्ध्या फ पायी ती सोलापुरात राहिली.
आम्ही समुद्राशी फोटो काढत होतो
तेव्हा ती पहाटे साडेपाचला फाटक उघडायला लावून,
शिपाई म्हेत्रेमामांना मोजायला बसवून
रोज दोनशे फ्री थ्रो टाकत होती.
नळाला पाणी येण्याचा वार असला
की आधी घागरी, मग दीडशे.
मामांनी वहीत पाच-पाचच्या रेघोट्या ओढल्यात.
ती वही माझ्या टेबलावर ठेवून ते काही न बोलता घंटा द्यायला गेले.

परवा बार्शीला पहिली फेरी.
बार्शीच्या पोरी कुर्डुवाडीपलीकडे कुठे गेल्या नव्हत्या.
अफसानानं अकराच्या अकरा फ्री थ्रो घातले,
त्यांवरच आम्ही तगून होतो.
शेवटचे नऊ सेकंद, एका गुणानं मागे,
नागमणीची हाक, "इटु रा!"
शब्द अफसानाला ठाऊक, गल्लीत रोज ऐकते.
मैदानात तो आपल्यासाठी असतो
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही नाही.
ती क्षणभर थबकली. चेंडू रेषेबाहेर.

परतीच्या एसटीत कुणी रडलं नाही.
वैरागच्या पुढे अफसानानं विचारलं,
"तिकडं बूट वाजतात म्हणे?"
नागमणीनं पाय उचलून गाडीच्या पत्र्यावर घासून दाखवला.
"असं नाही. अजून बारीक."
मग सोलापूर येईपर्यंत दोघी
इटु, अटु, आगु,
एक म्हणणार, दुसरी मान वळवणार.

नमुन्याच्या तळाशी बारीक अक्षरात आहे:
आवश्यक असल्यास स्वतंत्र कागद जोडावा.
रकाना कोरा ठेवलाय.
म्हेत्रेमामांची वही जोडतेय,
पण शंभर पानी आहे, टाचणी शिरत नाही.